लच्चूआजीची चटई

पोळ्याचा दिवस होता. दोन सप्टेंबर दोन हजार चोवीस, सोमवार. पंचशीला सिस्टरचं काम तसं साधंच होतं. इस्लापूरच्या पलीकडे, जंगलातल्या एका पाड्यावर सोनी नावाची पहिलटकरीण होती, दिवस भरलेली. तिला दवाखान्यात आणायचं. दुपारी जायचं, संध्याकाळी परत.

तीस वर्षं आरोग्य खात्याची जीप चालवून रिटायर झालेले लक्ष्मणराव हदगावात प्रशिक्षणाला आलेल्या नव्या नर्सना हे सांगत होते. जेवणं झाली होती. पायरीवर चौघीजणी बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोणाला कुठलं गाव मिळणार ते कळणार होतं.

"काका, खरं हाय का पण हे?" त्यांच्यातल्या शीलाने विचारलं.

"पाड्याच्या अलीकडं नाला हाय, तिथवर तिला म्याच सोडलं. पुढचं तिनं सांगितलं. आन् त्या पोरीला खोटं बोलता येत न्हाई. उगं का दोनदा बदली झाली तिची?"

पोरी हसल्या. लक्ष्मणराव हसले नाहीत.

आदल्या दिवसापासून पाऊस धो धो कोसळत होता. पंचशीला नाला ओलांडून गेली तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं. तासाभरात ते कमरेच्या वर गेलं. आणि इकडे पाड्यावर सोनीला कळा सुरू झाल्या होत्या.

त्या पाड्याची रीत अशी, की बाळंतीण घरात ठेवत नाहीत. वस्तीच्या कडेला वेगळी खोपी असते, कुडाची, शेणानं सारवलेली. सोनी तिथे होती. सोबत तिची सासू भीमबाई. चाळिशीची बाई, कामानं वाळलेली, बोलायला कमी.

पंचशीलाने सोनीचं पोट तपासलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. डोकं खाली लागत नव्हतं. ते उजव्या कुशीत होतं. बाळ आडवं होतं.

आडवं बाळ आपोआप बाहेर येत नाही. पोट फाडावं लागतं. वेळेत नाही फाडलं तर बाळही जातं आणि आईही.

पाड्यामागच्या खडकावर चढून तिने फोन लावला. १०८ची गाडी आली, पण नाल्याच्या पलीकडेच थांबली. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "मॅडम, पाणी पुरुषभर हाय. सकाळशिवाय जमत न्हाई." बाजेवर घालून न्यायचं म्हटलं, तर पाड्यावरच्या माणसांनी पाण्याकडे बघून माना हलवल्या.

सकाळपर्यंत सोनी टिकणार नव्हती. हे एकट्या पंचशीलाला माहीत होतं.

हातावर हात ठेवून बसणं तिला जमत नसे. तिने खोपी साफ करायला घेतली. पाणी तापवलं, जमीन पुसली. दाराच्या आत, भिंतीला टेकून, शिंदीच्या पानांची एक जुनी गुंडाळलेली चटई होती. काळी पडलेली, कुबट वासाची. तिने ती उचलली.

"बाई, ती नका हलवू." भीमबाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "लच्चूआजीची हाय. आमची सुईण. आखाडात मेली."

"मग?"

"दुसरी सुईण मिळंस्तोर तिची चटई इथंच ऱ्हाती. रीतच हाय. जागा मोडायची न्हाई."

"मावशी, हिच्यात किती जंतू असतील! सोनीला ताप भरला तर लच्चूआजी येणार आहे का बघायला?"

भीमबाई परत सोनीपाशी जाऊन बसली.

पंचशीलाने चटई बाहेर नेली आणि पावसात फेकून दिली. मग त्या जागेवर फिनेल टाकून दोनदा पुसलं. बारा वर्षं शिकून, परीक्षा देऊन, हदगावच्या बौद्धवाड्यातून ती इथवर आली होती. असल्या गोष्टींपुढे मान वाकवायला नव्हे.

रात्र झाली. कळा वाढल्या. सोनी ओरडून ओरडून घोगरी झाली. पंचशीलाने तिला या कुशीवर, त्या कुशीवर वळवून पाहिलं. बाळ हललं नाही.

साडेअकराला बाहेर आवाज आला.

काहीतरी ओढल्याचा. ओलं, जड. थोडं ओढायचं... थांबायचं... परत ओढायचं.

"कुत्रं असंल," पंचशीला म्हणाली.

आवाज दारापाशी येऊन थांबला. बराच वेळ काही नाही. सोनीला कळ आली, पंचशीला तिच्याकडे वळली. परत वळून पाहिलं, तर चटई आत होती. भिंतीला टेकलेली. पाणी निथळत होतं.

"मावशी, तुम्ही आणली?"

"म्या तर हिचं डोकं धरून बसलेय."

खरंच होतं. भीमबाई जागची उठलीच नव्हती.

पंचशीलाला राग आला. तिने चटई उचलली. ती पहिल्यापेक्षा जड लागली. बाहेर लांब फेकली. दाराची ताटी ओढून घेतली, दोरीने तीन वेढे देऊन बांधली.

एक वाजला. दीड वाजला. सोनीची नाडी पळायला लागली. बाळाचे ठोके मंद होऊ लागले. पंचशीला मनातल्या मनात ते मोजत होती. एकशे दहा... शंभर... नव्वद.

दोन वाजता फिनेलचा वास गेला. त्याच्या जागी दुसराच आला. तंबाखूचा, आणि एरंडेलाचा.

भीमबाई एकदम बाजूला सरकली. पदर डोक्यावर ओढला. डोळे मिटले.

"सरका बाई," ती पुटपुटली. "जागा द्या."

"कोणाला?"

"सरका."

पंचशीलाने दाराकडे पाहिलं. ताटी बंद. दोरीचे तीन वेढे तसेच.

चटई सोनीच्या पायांशी अंथरलेली होती.

मधोमध खळगा होता. कोणी मांडी घालून बसावं, तसा.

टॉर्चचा उजेड पिवळा होत चालला होता.

सोनी ओरडायची थांबली. तिने मान उचलून त्या खळग्याकडे पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. हळू, लाडानं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं.

मग तिच्या पोटावर चार खळ्या पडल्या.

उजव्या कुशीला. चार बोटांनी दाबावं तशा. बोटं नव्हती. नुसत्या खळ्या. त्या आत रुतल्या... थांबल्या... परत रुतल्या. आणि हळूहळू खाली सरकू लागल्या.

पंचशीलाचे दोन्ही हात हवेत होते. हातमोजे घातलेले. ती ते स्वतःच बघत होती, खात्री करायला.

कातडीखाली काहीतरी गोल फिरलं. उजवीकडून खाली. सावकाश.

सोनीने एक लांब श्वास सोडला.

टॉर्च गेला.

अंधारात फक्त श्वास. सोनीचा. भीमबाईचा. पंचशीलाचा स्वतःचा.

आणि चौथा.

तो अगदी जवळ होता. तिच्या खांद्याशी. म्हाताऱ्या माणसाचा, छातीत घरघर असलेला. मग तिच्या दोन्ही मनगटांवर काहीतरी थंड टेकलं. तिचे हात खाली नेले. जिथे असायला हवे होते, तिथे नेले...

हातात ओलं, गरम डोकं आलं.

"मग?" शीलाने विचारलं.

लक्ष्मणराव पुढे सांगू लागले.

मग बाळ रडलं. पोरगी होती. त्या रडण्याबरोबर तो चौथा श्वास थांबला. भीमबाईने चाचपडत काडी ओढली, चिमणी लावली. चटई नव्हती. खोपीत नाही, बाहेर नाही. सकाळी पाड्यावरच्या माणसांनी ओढ्यापर्यंत शोधली, तिचं एक पानसुद्धा सापडलं नाही. भीमबाई पंचशीलाला एवढंच म्हणाली, "आता आजीला जागा नको. तिनं तुमचे हात धरले न्हवं."



सातला पाणी उतरलं. सोनीला, भीमबाईला, बाळाला गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी आईला तपासलं. ठणठणीत. मग बाळाला घेतलं, दुपटं बाजूला केलं आणि चष्मा वर केला.

"सिस्टर, नाळेला चिमटा लावायला काय झालं होतं?"

पंचशीलाने पिशवी उघडली. चिमट्याचं पाकीट तसंच होतं, न फोडलेलं. तिने नाळ कापलीही नव्हती, बांधलीही नव्हती. रात्रभर तिला त्याची आठवणच झाली नव्हती.

नाळ कापून बांधलेली होती. बेंबीपासून दोन बोटांवर, घट्ट, दुहेरी गाठीने. डॉक्टरांनी गाठीचं टोक चिमटीत धरून उजेडात ओढलं. ते लांबत गेलं... हातभर.

केस होता. पांढराशुभ्र.

त्या रात्री खोपीत तिघीच बाया होत्या. तिघींचे केस काळे.