खोडलेली ओळ

कंदील जरा लांब ठेवा, पाखरं तोंडात जातात. आणि ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या, मधे मला चालणार नाही. ही गोष्ट माझ्या बहिणीच्या, अर्लीनच्या अंगणात घडली. ज्याच्यावर गुदरली त्या वेन्डेलने ती मला याच ओट्यावर बसून सांगितली. आयोवाकडचा शाळामास्तर. नाकासमोर चालणारा माणूस, त्याला खोटं बोलताच यायचं नाही.

साल दोन हजार एकोणीस. मार्चची पंधरा तारीख, शुक्रवार. लेंटचा, ईस्टरआधीच्या उपासांचा शुक्रवार, म्हणजे घराघरात मटण-कोंबडी बंद. वेन्डेल आणि त्याची बायको लॉइस निवृत्त झाल्यावर घरगाडी घेऊन आपल्या या दक्षिणेकडच्या दलदलीच्या मुलखात हिंडत होते. घरगाडी म्हणजे बसएवढं धूड, आत पलंग, चूल, न्हाणी, सगळं. टाकीतलं पाणी संपलं म्हणून साडेपाचच्या सुमाराला तो बायूच्या संथ पाण्याकाठच्या रस्त्यावर अर्लीनच्या फाटकाशी थांबला. अंगणातल्या नळाला पाइप लावू का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"पाणी हवं तेवढं घ्या," अर्लीन म्हणाली. "पण माझ्या फाटकातून उपाशी कोणी जात नाही. गाडी त्या ओकखाली लावा आणि हात धुवा."

"अहो, तुम्हाला उगाच त्रास..."

"त्रास द्यायला मला एक भाऊ आहे. तुम्ही बसा."

झालं. कोळंबीचा दाट गंबो रस्सा, भात, तळलेला मासा. तुम्हाला तिचा हात माहीत आहे. वेन्डेल मात्र घासागणिक थँक यू म्हणत होता. भात वाढला, थँक यू. खुर्ची सरकवली, थँक यू. कुत्रं पायाशी येऊन बसलं तर त्यालाही थँक यू.

"तुमच्याकडे याच्यावर काही औषध नाही का हो?" अर्लीनने विचारलं.

"पंचेचाळीस वर्षं शोधतेय," लॉइस म्हणाली.

अर्लीनकडे कालवांचं पोतं होतं. लॉइसला ती उघडायला शिकायचं होतं. चार नीट उघडली, पाचव्याला सुरी सटकली ती थेट तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी. आपल्यापैकी कोणी असतं तर फडकं बांधून सहावं उचललं असतं. पण लॉइसचं काळीज कमजोर. रक्त पातळ राहावं म्हणून रोज गोळ्या चालू. तिचं रक्त वाहायला लागलं की थांबायचं नाव घेत नसे.

एक टॉवेल भिजला. दुसरा भिजला. तिला गाडीतल्या पलंगावर निजवलं तेव्हा तिसरा चालू होता. अर्लीनने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की ओकचं झाड अंगणातून दिसेना. पाऊण तास तरी लागेल म्हणाले, जास्तच. त्या धुक्यात स्वतः गाडी काढणं म्हणजे दोघांनाही बायूत घालणं. वेन्डेल बायकोचा हात वर धरून बसला होता. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"तेओफीलला बोलावते," अर्लीन म्हणाली. "प्रार्थना पुटपुटून रक्त थांबवतो तो. आमच्या बापाची बोटं करवतीत गेली तेव्हा त्यानेच थांबवलं होतं."

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. तिने निरोप ठेवला.

"आला, तर एक लक्षात ठेवा मास्तर. त्याला काही द्यायचं नाही. आणि आभार मानायचे नाहीत. तोंडातून शब्द निघाला की केलेलं सगळं उलटतं. तुम्हाला सवय आहे म्हणून सांगते."

मग बॅटरी घेऊन ती अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दाखवायला हमरस्त्यावर गेली.

आठ वाजून वीस मिनिटांनी दारावर टकटक झाली. दोनदाच. वेन्डेलने दार उघडलं. खाली धुक्यात एक उंच म्हातारा उभा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी.

"नाव?" म्हातारा म्हणाला. "माहेरचं धरून पूर्ण."

वेन्डेलने सांगितलं. म्हातारा पायरी चढला नाही. तिथेच मान खाली घालून ओठ हलवत राहिला. आवाज येत नव्हता. मिनिटभर... दोन मिनिटं... आणि टॉवेलवरचा लाल डाग पसरायचा थांबला. लॉइसने लांब श्वास घेतला.

वेन्डेलच्या घशाशी शब्द आला. त्याने जीभ चावली. म्हातारा जाईना. टोपीखालून त्याच्या तोंडाकडेच बघत राहिला. वेन्डेलने तोंडावर हात दाबून धरला, तेव्हा कुठे म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो वळला.

अ‍ॅम्ब्युलन्स नऊला आली. माणसांनी जखम बांधली, दवाखान्यात चला म्हणाले. लॉइस म्हणाली, उद्या. रक्त तर केव्हाच थांबलं होतं. टॉवेल घट्ट बांधल्याचा गुण आला असं अर्लीन समजली. म्हाताऱ्याचं नाव घेताना चुकून आभार निघतील या धास्तीने वेन्डेलने त्याचा विषयच काढला नाही.

पण झोप येईना. माणसाने आपली बायको परत आणून द्यावी आणि आपण मुक्यासारखं बसावं? सभ्य माणसाला हे पचत नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने दिवा लावला आणि अर्लीनला पत्र लिहिलं. गंबोबद्दल आभार, पाण्याबद्दल आभार. आणि खाली एक ओळ: ज्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या लॉइसचे प्राण वाचवले, त्यांचे आभार. शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणाली होती ना? कागद काही तोंड नव्हे. मास्तरांची अक्कल ही अशी, पुस्तकात मावेल एवढीच.

दिवा मालवून, अंगण ओलांडून त्याने पत्र अर्लीनच्या दाराखालून आत सरकवलं. परत आला. बूट काढत होता.

"वेन्डेल," लॉइस अंधारात म्हणाली. "माझा हात ओला का लागतोय?"

त्याने दिवा लावला. चादर... उशी... पलंगाखालची सतरंजी...

त्याला कळलं.

तो अनवाणी धावला. दार बडवलं. अर्लीनने उघडलं, आतला दिवा लावला. उंबऱ्याशी जमीन मोकळी. पायपुसणं उचललं. काही नाही.

"पत्र कुठंय?"

"कसलं पत्र?"

"आत्ता टाकलं मी. त्याचे आभार लिहिले... तो आला होता त्याचे..."

"कोण आला होता?"

"तुमचा तेओफील."

अर्लीनने पायपुसणं खाली टाकलं.

"साडेनऊला त्याच्या मुलीचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुमचा दिवा मालवलेला होता, म्हणून उठवलं नाही. तेओफील आज दुपारी चारला गेला. लाफायेतच्या हॉस्पिटलात."

दोघंही गाडीकडे पळाली. दार सताड उघडं होतं.

लॉइस पलंगावर बसली होती. फडकं लालभडक, पण थेंब पडत नव्हता. एकही नाही.

"बरा आहेस ना तू?" ती वेन्डेलला म्हणाली. "काही न बोलता आलास, टेबलाशी बसलास... आता बाहेरून कसा येतोयस?"

"मी कुठे बसलो होतो..."

"मग कोण? पाठ दिसत होती. कागदावर खरडल्याचा आवाज येत होता."

टेबलावर पत्र होतं.

लॉइस जगली. अजून ठणठणीत आहे. वेन्डेल दर मार्चला येतो, तेओफीलच्या कबरीपाशी टोपी काढून उभा राहतो, दात आवळून. डोळ्यांतून पाणी येतं, तोंडातून शब्द येत नाही. मला त्याची कीव येते. जन्मभर ज्याला थँक यूशिवाय काही येत नव्हतं, त्याने ते नेमकं इथेच गिळायचं.

पत्र अर्लीनकडे आहे. मी ते या हातात धरलंय. गंबोचे आभार जसेच्या तसे, पाण्याचेही. फक्त शेवटची ओळ खोडलेली आहे. इतकी दाबून, की कागद आरपार फाटलाय.