सिग्नेची विहीर

सिग्ने हाल्वर्सेन ॲप्रनच्या ओच्यात रानशेणी गोळा करत होती, आणि नेमका तेव्हाच एक घोडेस्वार टेकाड उतरून आला.

नेब्रास्काच्या त्या माळावर नजर पोचेल तिथवर नुसतं गवत. सरपणाला काडी मिळायची नाही. चुलीत घालायचं ते गुरांचं वाळलेलं शेणच. आसपासच्या सगळ्याच बायका ते गोळा करायच्या, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तरी सिग्नेचा हात आपोआप विस्कटलेल्या केसांकडे गेला... आणि शेणाचा आहे हे आठवून अर्ध्यात थांबला.

घोडेस्वाराच्या मांडीवर एक वासरू आडवं पडलं होतं. लालसर, ओलं, पाय लोंबणारं.

"बाई," त्यानं टोपी काढली, "तुमच्याकडे गाय आहे?"

"आहे. का?"

"हे आज पहाटे जन्मलं. कळपाबरोबर चालायचं नाही याच्यानं. मुकादम म्हणाला, गोळी घालून मोकळा हो."

"मग?"

"मग काय... पिस्तूल काढलं, तर हे माझा अंगठा चोखायला लागलं."

सिग्नेला हसू आलं. हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून ती एकटीच त्या मातीच्या घरात राहत होती. आपलं हसणं तिला स्वतःलाच ओळखू आलं नाही.

"ठेवते मी वासरू," ती म्हणाली. "पण एक अट आहे. आज रात्री तुमची गुरं माझ्या रानात बसवायची."

"रानात बसवायची? अहो, शेतकरी आम्हाला बंदुका दाखवून हाकलतात!"

"त्यांना पिकाची काळजी. मला चुलीची."

त्यानं तिच्या ओच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

"म्हणजे शेणासाठी?"

"हसताय काय? इथं हिवाळा काढून बघा."

"हसत नाही, बाई. आजवर मुलींनी माझ्याकडे रिबिनी मागितल्या, आरसे मागितले—"

"आणि दिलेत?"

"कुठून देणार? माझ्याजवळ भरपूर असलेली वस्तू मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

त्याचं नाव अन्सेल्मो त्रेविन्यो. टेक्सासचा. घरची भाषा स्पॅनिश, तिची नॉर्वेजियन. दोघांचंही इंग्रजी उसनं, त्यामुळे चुकलं तरी कुणी कुणाला हसायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी कळप आला. धुळीतून सूर्य तांबडा दिसत होता. गुरं बसली, आणि अन्सेल्मो वासराला बादलीतून दूध प्यायला शिकवायला आला. दुधात बोट बुडवून ते त्याच्या तोंडात द्यायचं, आणि हळूच हात खाली न्यायचा. सिग्नेनंही हात घातला. कोमट दुधात त्यांची बोटं एकमेकांना लागली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. वासरू मात्र खुशाल पीत राहिलं.

"तुम्ही कुठं राहता?" तिनं विचारलं.

"राहत नाही. जातो." तो सहज म्हणाला. "वसंतात उत्तरेला, थंडीत दक्षिणेला."

सिग्नेनं हात पुसले आणि ती उठली.

सकाळी कळप निघाला. टेकाडावर पोचल्यावर अन्सेल्मोनं वळून टोपी हलवली. तिनं हात हलवला नाही. जाणाऱ्या माणसाच्या मागे जाण्यातच तिच्या आईचं आयुष्य संपलं होतं.

उन्हाळाभर ती त्याचा विचार करत नव्हती. म्हणजे, रोज ठरवून करत नव्हती.

गवत पिवळं पडलं तेव्हा तो परत आला. एकटाच, वायोमिंगच्या वाटेनं.

"वासरू बघायला आलो," तो म्हणाला.

"ते काय तिथं चरतंय. बघा आणि जा."

"घोड्याला पाणी तरी पाजू?"

पाणी ओढ्यावर, मैलभर लांब. सिग्ने रोज पिंप भरून घसरगाडीवरून ओढून आणायची. तिच्या तळहातांवरचे घट्टे त्यानं पाहिले आणि त्याचा चेहरा बदलला.

"विहीर का नाही खणली?"

"विहीर खणणारा माणूस तिथं राहतो. माझे बाबा कुठं राहिले? एक जमीन फोडायची, पीक यायच्या आत पुढच्या जमिनीची बातमी यायची. तिकडं माती काळी आहे म्हणे, तिकडं पाऊस चांगला आहे म्हणे... इथं थांबले, ते मेले म्हणून."

त्यानं घराभोवतालच्या जमिनीवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "मी खणतो."

"तुम्ही? घोड्यावरून खाली उतरता तरी येतं का तुम्हाला?"

"शिकवा."

शेजारच्या क्रुगरबाईंनी दोर आणि रहाट दिला, आणि देताना चिमटाही काढला, "विहिरीपेक्षा दुसरंच काही खोल चाललंय, पोरी." सिग्ने कानांपर्यंत लाल झाली.

तो तबेल्यात झोपायचा, उजाडलं की खड्ड्यात उतरायचा. ती वर राहून मातीच्या बादल्या ओढायची. दुपारी ती बटाट्याच्या पातळ पोळ्या करायची. तो त्यात तिखटजाळ मिरची घातलेला घेवडा गुंडाळून खायचा, आणि तिनं घास घेतला की तिच्या डोळ्यांतलं पाणी बघत राहायचा.

"रडू नका. मी काही एवढ्यात जात नाही."

"मिरची आहे ती!"

"हो... मीही तेच म्हणतोय."

खड्डा खोल गेला, तसा त्याचा चेहरा लहान दिसू लागला आणि आवाज घुमून वर येऊ लागला. गंमत म्हणजे, समोरासमोर न बोलता येणारं आता बोलता यायचं. खालून तो विचारायचा, वरून ती सांगायची. आईबद्दलही तिनं असंच सांगितलं. दर वेळी आई सकाळी उठायची, तर दारात गाडी जुंपलेली असायची. पडदे काढायलाही वेळ नसायचा. शेवटच्या गाडीत ती तापानं गेली.

"तिनं नाही म्हणून बघितलं नाही कधी?" खालून आवाज आला.

"तिला कधी विचारलंच नाही कुणी."

त्यावर फक्त कुदळीचा आवाज आला. एकदा... पुन्हा एकदा. मग मधेच, कुणी पोतं ओतावं तसा, वाळू घसरल्याचा आवाज झाला. आणि कुदळ थांबली.

सिग्नेनं वाकून पाहिलं. खाली धूळ. चेहरा दिसेना.

"त्रेविन्यो? अहो, त्रेविन्यो!"

काही नाही.

"अन्सेल्मो! ए— बोल ना रे! ऐकतोयस का तू?"

खोकला. मग बारीक आवाज, "कमरेपर्यंत... पाय निघत नाहीत. दोर काखेखालून बांधलाय."

रहाट तिच्या एकटीनं फिरेना. तिनं रहाटावरून दोर सोडवून घेतला आणि धावत जाऊन त्याच्या घोड्याच्या खोगिराला बांधला. गुरांना दोरानं ओढून धरण्यात त्या घोड्याचं आयुष्य गेलेलं. दोर ताणला गेल्याबरोबर तो आपणहून मागे सरू लागला. एक पाऊल, थांबून दुसरं. सिग्ने त्याची मान धरून नॉर्वेजियनमध्ये काय काय विनवत होती, तिलाच कळत नव्हतं.

आधी हात वर आले, मग मातीनं माखलेलं डोकं. तिनं त्याला कॉलर धरून गवतावर ओढलं आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं.

"नको मला विहीर! ओढ्यावरून आणीन मी पाणी... जन्मभर आणीन!"

"सिग्ने." त्याला धाप लागली होती, तरी तो हसत होता. "आज मला 'रे' म्हणालीस."

"गप्प बस."

"आणि माझी पँट बघ."

गुडघ्यांपासून खाली ती ओलीचिंब होती. विहिरीला पाणी लागलं होतं. सिग्ने बघतच राहिली. मग तिथंच बसकण मारून रडू लागली, आणि आता मिरची नव्हती.

अन्सेल्मो बाजूला बसला. हात धरावा की नाही हे त्याला ठरवता येईना.

"मला खोटं बोलता येत नाही," तो हळूच म्हणाला. "वसंतात कळप निघाले की माझे पाय वळवळतील. दर वर्षी वळवळतील. तुझ्या बाबांचेही वळवळत असतील."

"माहीत आहे मला."

"तरी..."

"पाय वळवळले तर सांगशील मला?" तिनं त्याच्याकडे वळून विचारलं. "दारात गाडी जुंपायच्या आधी? मला विचारशील?"

"विचारीन."

"मी नाही म्हटलं तर?"

"चिडेन. दोन दिवस बोलणार नाही." त्यानं विचार केला. "मग मिरच्या लावायला जागा मागेन."

ती रडता रडता हसली. वारा पडला होता. घोडा अजून दोर ताणून तसाच उभा होता, त्याला कुणी पुरे म्हणालं नव्हतं.

"मग आत्ताच विचार की," ती म्हणाली. "सवय होऊ दे."

अन्सेल्मोनं टोपी काढायला हात डोक्याकडे नेला. टोपी विहिरीत राहिली होती. केसांतली वाळू तेवढी हाताला आली.

"सिग्ने... मी राहू का?"

तिनं ॲप्रनच्या टोकानं त्याच्या भुवयांवरची माती पुसली. एक भुवई... मग दुसरी. तिला घाई नव्हती. इतक्या वर्षांत हाल्वर्सेनांच्या घरातल्या बाईला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं, आणि उत्तर द्यायच्या आधीचा तो क्षण तिला थोडा जपून ठेवायचा होता.

"राहा," ती म्हणाली.