फुटक्या कपबशा मिळतील का?

"फुटक्या कपबशा मिळतील का?"

मावशीच्या कपबशांच्या दुकानात ती शिडीवर चढून बरण्या पुसत होती. तिनं वरूनच दारातल्या तरुणाला न्याहाळलं. केसांत सिमेंट, बाहीवर निळा रंग, चेहरा मात्र अगदी गंभीर.

"लोक सहसा चांगल्या मागतात," ती म्हणाली.

तो चित्रकला शिकवायचा. वाचनालयाच्या भिंतीवर गल्लीतली मुलं, त्यांचे आईबाप, आजीआजोबा सगळे मिळून एक मोठं झाड करत होते. चिनीमातीचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून.

"पानं झाली. फुलं राहिलीत."

"कुठल्या रंगाची?"

त्यानं तिच्या स्वेटरकडे पाहिलं. "पिवळ्या…"

पंचाईत अशी, की या दुकानात काही फुटतच नसे. मावशी कप उचलायची तो तान्ह्या बाळासारखा. ती हे सांगणारच होती, पण तोंडून निघालं, "उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातून पिवळा कप निसटला. म्हणजे, तिनं निसटू दिला. तिसऱ्या दिवशी बशी. तो रोज यायचा आणि तुकडे रुमालात बांधून न्यायचा.

"आज काय?"

"किटली. जपून, कापेल."

"तुम्हाला लागलं नाही ना?"

"अजून तरी नाही," ती म्हणाली आणि उगीचच लाजली.

आठवड्याभरात मावशीचा धीर सुटला. तिनं भाचीला थेट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनगटं वळवली, बोटं दाबली. "हात ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "लक्ष कुठे असतं, ते बघा."

रविवारी भाची वाचनालयाकडे निघाली, तेव्हा मावशी आधीच चपला घालून दारात उभी होती.

भिंतीपाशी एक आजोबा आणि त्यांची नात एकाच तुकड्यावरून भांडत होते. एका आईच्या नाकाला सिमेंट लागलं होतं. मावशीची नजर सरळ फुलावर गेली.

"ही माझी किटली."

तो लगबगीनं पुढे आला. "तुमची फार मदत झाली, मावशी. तुमच्याकडे रोज काही ना काही फुटतं म्हणे."

भाची जमिनीकडे बघू लागली. मावशीनं कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड उघडलं. आत काठोकाठ पिवळे तुकडे.

"आणि हे?"

त्याचे कान लाल झाले. "ते… पहिल्याच संध्याकाळी फरशीवाल्यानं आणून दिलं."

"मग रोज कशाला येत होतास?"

"तुकडे नाही, तर दुसरं काय मागू… सुचत नव्हतं."

मावशी भाचीकडे वळली. "आणि तुझ्या हातून निसटत होतं, ना?"

"नाही, मावशी. मी फोडत होते." मग त्याच्याकडे पाहत ती हळूच म्हणाली, "तुम्ही यावं म्हणून."

"देवानं दोघांना तोंडं दिलीत, ती वापरायची सोडून माझी कपाटं रिकामी केलीत," मावशी म्हणाली. स्टूल ओढून ती आजोबांशेजारी बसली. "सरका जरा. पाकळी वाकडी बसवलीत तुम्ही."

दोघं तिथेच उभे राहिले. बोलायला पहिल्यांदाच काही निमित्त नव्हतं.

"उद्या येऊ?" त्यानं विचारलं. "नुसताच… तुला भेटायला. म्हणजे, तुम्हाला."

तिला हसू आवरेना.

"तुलाच राहू दे," ती म्हणाली. "आणि ये. मी वाट बघेन."