रविवारचं ढेकूळ

आयर्लंडमधल्या आमच्या क्लेअर परगण्यात टूही आडनावाची माणसं पायलीला पन्नास. त्यांतले नाव काढलेले चारच: एक बिशप, एक मुष्टियोद्धा, एक डॉक्टरीण आणि हर्लिंगचा खेळाडू, माझा धाकटा भाऊ कोलम. सोमवारी टूहींचा मेळावा होता, म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर मी सभागृहात त्यांच्या तसबिरी लावत होतो. चौघांत जिवंत एकटा कोलमच. आईच्या घरावरून आमचा अकरा वर्षं अबोला होता. शेवटी मीच नमतं घेतलं, आणि तो बोस्टनहून यायला तयार झाला.

तेवढ्यात चुलतभाऊ मॅलकी आला. गावची थडगी तोच खणतो.

"काय मास्तर, तुमच्या घरातलं कोण गेलं?"

"कोणी नाही. का रे?"

"मग दफनभूमीत आपल्या टूहींच्या जागेत ढेकूळ कोणी उलटलं?"

सोमवारी आम्ही थडगं उघडत नाही. खणायचंच असलं, तर रविवारी गवतासकट एक ढेकूळ उलटून ठेवायचं, म्हणजे काम रविवारचं धरलं जातं.

मला त्याचाच संशय आला.

"तुझ्या बापाची तसबीर लावली नाही, म्हणून हा चावटपणा?"

"तोंड सांभाळ, फिंटन! असली थट्टा मी वैऱ्याचीही करणार नाही."

मी जाऊन पाहिलं. आईच्या थडग्याशेजारीच. एक फावडंभर, नीट कापलेलं. मी ते पुन्हा सुलटं करून पायाने दाबलं. पण जीव थाऱ्यावर राहीना. कोलमला फोन लावला.

"येऊ नकोस."

"अकरा वर्षांनी बोलावतोस आणि आता नको? चल, म्हाताऱ्या! उद्या विमानतळावर तूच ये घ्यायला. टॅक्सी करणार नाही मी."

सोमवारी सकाळी निघताना गाडी दफनभूमीपाशी थांबवली. मॅलकी भिंतीशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

ढेकूळ पुन्हा उलटं होतं.

त्याच्या शेजारी दुसरं. दोन्हींची माती सारखीच वाळलेली.

"हे कधी?"

"मला विचारू नकोस."

फोन वाजला. कोलम. "उतरलो रे. किती ताटकळवतोस?"

मी खिशात किल्ली शोधत होतो; ती हातातच होती, हे मॅलकीने पाहिलं.

"किल्ली दे इकडे. मी चालवतो."

मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. किल्ली दिली आणि फाटकातून एकदा वळून पाहिलं.

ढेकळं तीन होती.