पंच लॅव्हेरीची चार मिनिटं

आमच्या गावात घड्याळं दुरुस्त करणारा मी, सायलस पेनरोज, एकटाच, म्हणून बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांत वेळ मोजायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. गाव चांदीच्या खाणीचं, तिमिस्कॅमिंग तळ्याच्या काठावर. पत्र्याच्या शेडमध्ये पाणी ओतून बर्फ धरवायचा आणि हिवाळाभर आठवड्याला दोन सामने. मैदानाच्या कडेला एक लांब फळी टाकलेली होती. तिच्या उजव्या टोकाला मी बसायचो, उरलेली फळी शिक्षा झालेल्या खेळाडूंची.

पंच डंकन लॅव्हेरी. पैसे घेऊन खेळणारे संघ नवे होते, तेव्हापासून पंच तोच. आधी तो शिट्टी वापरायचा. एका सामन्यात ती थंडीनं ओठाला चिकटली आणि ओढताना कातडं सोलून निघालं, तेव्हापासून हातघंटा आली. खेळ सुरू करताना पंचानं रबराची चकती दोन खेळाडूंच्या काठ्यांच्या मधे हातानं ठेवायची असे. त्यात त्याचं एक बोट गेलं. लोकांनी त्याच्यावर अंडी फेकली, कोळसे फेकले, एकदा जिवंत कोंबडी फेकली. कोंबडी तो घरी घेऊन गेला.

"दोन्ही बाजूंनी शिव्या पडल्या की समजायचं, निकाल बरोबर," असं म्हणायचा.

१९०९च्या फेब्रुवारीत त्यानं ओमेर ब्रुसोला चार मिनिटं बाहेर बसवलं. ओमेर आमच्याच संघातला, बावीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा, फ्रेंच घरातला, मला अदबीनं 'मस्यू', म्हणजे 'साहेब', म्हणणारा. पद्धत अशी, की वेळ भरली की मी हात वर करायचा आणि डंकननं घंटा वाजवून खेळाडूला आत बोलवायचं. त्यानं बोलावल्याशिवाय कुणी उठत नसे, असा त्याचा दरारा होता. त्या दिवशी थंडी भयंकर होती. अशा थंडीत घड्याळ सदऱ्याच्या आत, अंगाशी ठेवायचं, हे लहान मुलालाही कळतं. मी ते समोरच्या कठड्यावर मांडून ठेवलं होतं. नवंकोरं होतं, चार लोकांना दिसावं म्हणून. आतलं तेल गोठलं आणि घड्याळ बंद पडलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा ओमेर अजून फळीवरच बसून होता, सामना संपत आला होता आणि आम्ही एका गोलनं हरत होतो.

"काय रे ओमेर, डोळा लागला होता का?" लोक ओरडत होते. तो रडत होता. पायांत स्केट तसेच ठेवून तो मागच्या दारानं तळ्यावर गेला. खाणीच्या पंपाचं पाणी जिथं पडतं तिथं बर्फ पातळ असतो. तो सापडला तो मे महिन्यात.

सामने भरवणाऱ्या समितीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी हात वर केला होता. पंचांनी पाहिला नसेल."

डंकननं माझ्याकडे पाहिलं. "नसेल पाहिला," तो म्हणाला. "चूक माझी." मी मान खाली घातली, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात शिक्षेचे खेळाडू फळीच्या अगदी डाव्या टोकाला बसू लागले. गॅफनी नावाचा परगावचा दांडगा गडी एकदा तिथं अर्धा लोंबकळत बसला होता.

"इकडं सरक की," मी म्हटलं. "जागा रिकामी आहे."

त्यानं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हातारबा, चष्मा बदला," तो म्हणाला आणि आणखी थोडा लांब झाला. त्याला ओमेरची गोष्ट माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मी यंत्रांचा माणूस. मी सुतार वापरतात तशी, आत बुडबुडा असलेली पाणपातळीची छोटी नळी आणून फळीवर ठेवली. सामन्याआधी फळी सपाट असायची. खेळ सुरू झाला की फळीवर मी एकटा असलो तरी ती माझ्या डाव्या बाजूला दबायची. थंडीनं लाकूड आखडतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. नळी मात्र घरी नेली नाही.

एकदा खेळ थांबलेला असताना डंकन माझ्यापाशी आला. "सायलस, त्याची किती झाली?"

"कुणाची?"

तो घंटा वाजवत परत बर्फावर गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसला. "मी बोलावल्याशिवाय तो उठायचा नाही," तो म्हणाला. "रोज वाटतं बोलवावं. पण कुठल्या तोंडानं बोलवू?"

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी उठून त्याच्यासाठी चहा ओतला.

१९१२च्या मार्चमधला शनिवार, भर दुपार. डंकनचा हा शेवटचा सामना. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला बर्फावर उतरायला बंदी केली होती. हा एवढा एक म्हणून तो आला होता. सामना संपला, माणसं पांगली. तो फळीपाशी आला आणि त्यानं घंटा वाजवली.

"ओमेर, ये बाळा. झालं तुझं."

नळीतला बुडबुडा हलला नाही. त्यानं आणखी दोनदा हाक मारली. मग घंटा माझ्या हातात दिली.

"येत नाही तो," डंकन म्हणाला. "चूक माझी, तर शिक्षाही मलाच. चार मिनिटं, सायलस. नीट मोज."

मधली जागा सोडून तो पलीकडे बसला.

मी सदऱ्यातून घड्याळ काढलं. ते उबदार होतं आणि नीट चालत होतं.

पहिलं मिनिटभर तो हलक्या आवाजात बोलत होता. माफ कर, असं दोनदा ऐकू आलं. नंतर तो गप्प झाला.

दोन मिनिटं. तीन.

चार.

"झाली, डंकन."

तो उठला नाही. डोळे उघडे होते. तोंडातून वाफ येत नव्हती.

त्याचा चार बोटांचा हात माझ्या बाजूला पसरलेला होता. फळीपासून वीतभर वर, पालथा. शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवावा तसा.

माझ्या डाव्या कानाशी गार वारा आला. फ्रेंच वळणाचा, अदबीचा आवाज.

"मस्यू पेनरोज, आणि माझी?"

"तुझी कधीच भरली होती," मी म्हणालो. "माझं घड्याळ बंद पडलं होतं, पोरा. मी हात वर केलाच नव्हता. त्याची काही चूक नव्हती."

ज्यानं हे ऐकायला हवं होतं, तो काही मिनिटांपूर्वीपर्यंत जिवंत होता.

माझ्याखालची फळी हळूच वर आली.

आणि डंकनचा हात सावकाश खाली येऊन लाकडाला टेकला.