दहा वेळा हळू झालेली गाडी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली. आणि मामा थापा मारणाऱ्यातले नाहीत. पंपदुरुस्तीत उभा जन्म गेला त्यांचा. कुणी भूत म्हटलं की "आधी वायरिंग तपासा" म्हणणारा माणूस!

आणि रात्रबित्र काही नव्हती हो. रविवार होता, दुपारचे तीन. ऊन नुसतं भाजत होतं. जागा म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यामागचा लांबलचक, सरळ रस्ता.

मामांची मुलगी, म्हणजे आमची ताई, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. सोमवारी सकाळी ती एकटीच गाडी चालवत परत निघणार होती. वाटेत मोठा घाट. शनिवारी मामांनी तिच्या गाडीचं चाक काढून बघितलं, तर काय! ब्रेकचे पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले आणि डिस्कवर खोल खाचा.

गॅरेजवाल्याने खर्च सांगितला आणि मामांनी कपाळावर हात मारला.

"पार्ट मी आणतो, बसवतोही मीच. तू फक्त कसं ते सांग."

गॅरेजवाला जुना मित्र. सगळे त्याला 'पाना' म्हणायचे.

"बसव बाबा, तू काय ऐकणार आहेस!" पाना म्हणाला. "पण मग मोकळ्या रस्त्यावर ने. गाडी पळव, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर आण, परत पळव. दहा वेळा. म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसतात. फक्त मधे थांबायचं नाही हं! तापलेल्या डिस्कवर थांबलास तर डाग उठतो, मग ब्रेक थरथरतो. सगळी मेहनत पाण्यात."

म्हणून मामा त्या रस्त्यावर गेले. एकटेच. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची तशीच बांधलेली होती.

पहिल्यांदा ब्रेक दाबला... आणि कारखान्याच्या भिंतीलगत एक बाई दिसली.

तिचा हात वर होता. गाडी हळू होताच तिने खाली ठेवलेली पिशवी उचलली. दोन पावलं पुढे आली.

मामा निघून गेले. मनाला चुटपुट लागली. बिचारीला वाटलं असणार, आपल्यासाठीच थांबतोय.

अर्धा किलोमीटर पुढे त्यांनी दुसऱ्यांदा ब्रेक दाबला.

ती तिथेही होती...

तीच साडी. तसाच वर केलेला हात. तिने परत पिशवी उचलली.

तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही तीच. पाचव्यांदा त्यांनी गाडी वळवून उलट दिशेला घेतली. ब्रेक दाबला...

ती आता या बाजूला उभी होती.

आणखी एक गोष्ट. गाडी हळू झाली की इंजिनचा आवाजच बंद व्हायचा. गाडी चालू, काटा हलतोय, पण आवाज नाही. ऐकू यायची फक्त तिच्या चपलांची फटफट... दर वेळी जरा जास्त जवळून.

सोडून पळावं तर ब्रेक कच्चे. आणि उद्या लेक आणि नातू घाटात. मामांनी दात आवळले आणि गाडी पळवली.

आठव्यांदा ती गाडीबरोबर धावली.

नवव्यांदा काचेवर वाजलं. टक... टक...

दहाव्यांदा ती काचेला लागूनच होती. तिने हात वर केलाच नाही. मामांकडे बघितलंही नाही. तिची नजर मागच्या सीटवर होती, बाळाच्या खुर्चीवर.

मामा थांबले नाहीत.

ब्रेक मात्र एकदम झकास लागत होता. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, "अहो, तोंड का असं उतरलंय?" मामा म्हणाले, "ऊन लागलं." लेकीला काय सांगणार? तिचा रस्ता तर पार दुसऱ्या दिशेचा होता.

सोमवारी दहाच्या सुमाराला ताईचा फोन आला. घाट उतरून ती सव्वाशे किलोमीटर लांब गेली होती, गाडी चालवतच बोलत होती.

"बाबा, ब्रेक मस्त झालाय! आणि सोबतही मिळाली. एक बाई रस्त्यात हात करत होत्या, म्हणून थांबले. म्हणतात कशा, काल एक गाडी दहा वेळा हळू झाली आणि थांबली नाही. अशी कशी हो माणसं?"

मामांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"बाळ किती रडत होतं! त्यांनी मागे बसून मांडीवर घेतलं आणि एकदम गप्प झालं."

"गाडी थांबव!" मामा ओरडले. "आत्ताच्या आत्ता थांबव! मागे बघ!"

फोनमधून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

"बाबा..." ताई म्हणाली. "मागे कुणीच नाही. बाळ खुर्चीत झोपलंय. पट्टा लावलेला आहे."

"दार उघडल्याचा आवाज आला? ती उतरताना दिसली तुला?"

"नाही."

ताई सुखरूप घरी पोहोचली. बाळही ठणठणीत आहे. दुसरी गाडी घेणं त्यांना परवडत नाही, त्यामुळे तीच वापरतात.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मामा अजून रोज फोन करतात आणि रोज एकच विचारतात, "गाडीत पोरगं रडतं का गं?"

"नाही हो बाबा," ताई सांगते. "घरभर भोकाड पसरतं, पण गाडीत बसवलं की गप्प."

मामा "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. मग रात्री त्यांना झोप लागत नाही.