मेमे ओदेतच्या खोलीतलं कपाट

"नवरदेवानंच नेलंय," मेमे ओदेत कॉफी ओतत म्हणाल्या. "जुन्या सामानाचा धंदा ना त्यांचा."

त्यांना मेमे, म्हणजे आजी, म्हणणारी त्यांची नात क्लेमांस मान खाली घालून बसली होती. शनिवारी तिचं लग्न होतं. नॉर्मंडीतल्या रीतीप्रमाणे आजीचं लग्नातलं कपाट आता तिच्याकडे जायचं होतं: ओकचं, दारांवर कबुतरांची जोडी कोरलेलं. ते गायब झालं, आणि आळ आला तिच्या होणाऱ्या नवऱ्यावर, बास्त्यांवर. हे निस्तरलं नाही तर लग्न मोडणार होतं. म्हणून तिनंच खासगी तपासनीस इरेन मोरांला बोलावलं होतं.

सोबत इरेनचा मदतनीस गास्पार होता. निवृत्त पोस्टमन, मनानं चांगला, डोक्यानं सावकाश. त्यानं कप फॉर्मायकाच्या पिवळ्या कपाटावर टेकवला.

"डाग पाडू नका. क्लेमांसचा बाप रांगत होता तेव्हापासून जपलंय ते," मेमे म्हणाल्या.

मग त्यांनी झोपायच्या खोलीचं कुलूप काढलं. "माझ्या लग्नाच्या वर्षी भिंतीला हा गुलाबांचा कागद लावला आणि इथं कपाट उभं केलं. रविवारी चर्चला गेले, परत येऊन बघते तर नाही."

भिंतभर गुलाब सारखेच फिके पडले होते. इरेन ते बघत राहिली. गास्पार दाराची रुंदी मोजत होता. "एवढं धूड इथून निघेल कसं?"

"लाकडी खुंट्या ठोकून काढल्या की अख्खं कपाट सुटं होतं," नंतर अंगणात गास्पारनं तेच विचारल्यावर बास्त्यां म्हणाला.

"म्हणजे तुला जमलं असतं," इरेन म्हणाली.

"जमलं असतं. पण मेमे त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देतात का?"

"मलाही नाही," क्लेमांस म्हणाली. "चादरीसुद्धा तीच बाहेर आणून देते. कपाटाचं फक्त वर्णन ऐकलंय."

इरेननं सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं.

"मेमे, राग मानू नका. कपाटामागच्या कागदाला ऊन लागत नाही. रविवारपर्यंत कपाट तिथं असतं, तर तेवढे गुलाब लालभडक राहिले असते. ती भिंत कित्येक वर्षं उघडीच आहे. खोली बंद, म्हणून कुणाला कळलं नाही. आता नातीला कपाट द्यायची वेळ आली, तेव्हा म्हणे चोरी झाली."

"मग ते गेलं कुठं?" गास्पारनं विचारलं.

"त्या काळी व्यापारी गाडी घेऊन गावोगाव फिरायचे. जुनं कपाट द्या, नवंकोरं फॉर्मायका घ्या. तुझा कप त्यावरच आहे, गास्पार."

गास्पारनं कप उचलून हातात धरला.

मेमेंनी एप्रनमध्ये तोंड लपवलं. बास्त्यांचे कान लाल झाले होते.

"ती गाडी माझ्या आजोबांची," तो म्हणाला. "शेतकऱ्यांना कसं गंडवलं, ते आमच्याकडे जेवताना हसत सांगायचे. आता पॅरिसवाले तसल्याच कपाटांसाठी आमच्या दुकानात भांडतात. मीही हसायचो. लाज वाटते मला."

"तुझं आडनाव ऐकलं तेव्हाच ओळखलं होतं," मेमे म्हणाल्या. "भीती वाटली, तू सांगशील. म्हणून आधी तुझंच नाव घेतलं. पण त्यांनी नाही रे गंडवलं मला. गाडी पुढे निघाली होती, मीच मागे धावले. शेजारणीकडे सगळं चकचकीत, आणि माझ्याकडे आईनं दिलेलं ते काळं लाकूड. तेव्हा मला त्याची लाज वाटायची, पोरा."

बास्त्यांनं त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.